उशिरा मानलेले आभार

प्रश्न : माझे वडील अतिदक्षता विभागातून बरे होऊन घरी आले, परंतु त्या धावपळीत तेथील परिचारिकांचे आभार मानायचे राहून गेले. आता दोन महिन्यांनी पत्र पाठवणे विचित्र दिसेल का?

उत्तर : मुळीच नाही. अतिदक्षता विभागातून रुग्ण हलवला गेला की पुढे त्याचे काय झाले, हे तेथील परिचारिकांना बहुधा कळतच नाही; म्हणून ‘वडील आता आधाराशिवाय चालतात’ एवढे एक वाक्यही त्यांना आभारांहून मोलाचे वाटेल. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या मापनपट्टीत व्यावसायिक थकव्याची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या ‘बर्नआउट’ची, तीन अंगे आहेत : भावनिक रितेपण, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही ही भावना. तुमचे पत्र प्रामुख्याने या तिसऱ्या भावनेला उत्तर देते. अपुरे मनुष्यबळ आणि सलग रात्रपाळ्या यांवर मात्र ते उपाय नव्हे, आणि तसे मानणे परिचारिकांवर अन्यायच ठरेल.

पत्रात ‘उत्तम सेवा’ असे मोघम लिहू नका. कोणत्या रात्री कोणी काय केले, ते आठवेल तसे लिहा. नावे आठवत नसतील, तर पत्र विभागाच्या परिसेविकांच्या (प्रमुख परिचारिकांच्या) नावे पाठवावे.