वहीत वेग लिही

नौपाडा, ठाणे

चि.,

रविवारी तू दोन आलेख माझ्यासमोर आपटलेस. क्रिस्टल तोच, मोजायचा प्रोब तोच. अतिवाहकता, म्हणजे वीज विनारोध वाहणं, एकदा ठणठणीत, एकदा अर्धमेली. ‘सर, नमुनाच खराब आहे.’ मी विचारलं, किती वेगानं थंड केलास? वहीत नुसतं ‘थंड केला’. तिथं माझं डोकं फिरलं. रागावलो ते रागावलोच.

अगं, तुझा क्रिस्टल म्हणजे कप्पा-ब्रोमाइड हा सेंद्रिय क्षार. त्यातल्या ईटी (बीईडीटी-टीटीएफ) नावाच्या रेणूंच्या टोकांना एथिलीनचे छोटे गट असतात. ते दोन तऱ्हांनी बसतात आणि वरच्या तापमानाला सारखे कुशी बदलतात. एनएमआरमध्ये प्रोटॉनचे स्पिन पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, म्हणजे टी-वन, मोजला की दिसते ती हीच चुळबुळ. सुमारे 80 केल्विनला (उणे 193 अंश सेल्सियस) ती गोठते. सावकाश उतरलीस तर बहुतेक टोकं एकाच तऱ्हेनं बसतात, घाई केलीस तर जिथं असतील तिथंच अडकतात. मग 11.6 केल्विनच्या आसपासची अतिवाहकता लंगडत येते. हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेला क्षार तर घाईनं चक्क विद्युतरोधकाकडे झुकतो. साजूक तूप सावकाश निवलं की रवाळ होतं, लगेच फ्रिजमध्ये टाकलं की होत नाही. तुझ्या आईला विचार.

म्हणून वेग लिही.

मी तुझ्याएवढा असताना शेवटच्या ठाणे लोकलच्या धास्तीनं नमुना सरळ द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचो. 77 केल्विन! नेमका तो उंबरठा एका उडीत पार. दोन वर्षांचे आकडे जुळेनात, तेव्हा क्रिस्टल वाढवणाऱ्या मित्राला तोंडावर बोललो. त्यानं पुन्हा एकही क्रिस्टल दिला नाही. प्रबंधातलं एक प्रकरण गेलं, मित्रही गेला.

पुढे मी हट्टालाच पेटलो. वेग लिहिलेला नसेल तर आलेख बघायचा नाही. एका पेपरवरून स्वतःचं नाव काढून घेतलं, कारण त्यात वेग नव्हता. हेकट म्हणाले. म्हणोत. भाषा जरा मऊ वापरता आली असती, एवढं कबूल. बाकी चुकलो नाही.

आता 100 ते 60 केल्विन मिनिटाला 0.2 केल्विननं उतर. सव्वातीन तासांवर जातील, थंड करायला लागणाऱ्या हिलियमवरून गाइड कुरकुरतील. कुरकुरू देत. वेग लिही, कुठे थांबलीस तेही लिही. रात्र झाली तर पनवेल गाठत बसू नकोस, इथंच ये. मी जागा असतो.

वही आण.