वाचक विचारतात: नॅशव्हिलचा संगीत महोत्सव आणि घरची सगळी मंडळी

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरी, दर जून महिन्यात चार दिवस भरणाऱ्या ‘सीएमए फेस्ट’ या कंट्री संगीताच्या, म्हणजे तेथील ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीताच्या, महोत्सवाविषयी गेल्या अंकात मी लिहिले होते. घरची माणसे आणि मित्रपरिवार यांच्यासह मी हा महोत्सव दोनदा अनुभवला आहे. त्या लेखानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे, ती म्हणजे लहानथोर सगळ्यांना बरोबर घेऊन हे कसे जमवायचे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: आम्ही अटलांटाजवळ राहतो. आमचे आणि मित्राचे कुटुंब मिळून चार मोठी माणसे, चार, नऊ आणि पंधरा वर्षांची तीन मुले, शिवाय सध्या भारतातून आलेले माझे आईवडील, असे आम्ही नऊ जण आहोत. सर्वांसाठी चारही रात्रींची स्टेडियमची तिकिटे घ्यावीत, असे मित्राचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर: ठरणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना रात्री स्टेडियममध्ये गाणाऱ्या नामवंत गायकांची खरोखर ओढ आहे त्यांनी एखादी रात्र निवडावी. बाकीच्यांनी दिवसावर भर द्यावा, कारण या महोत्सवाचा जीव दिवसाच्या कार्यक्रमांत आहे. याचे मूळ त्याच्या जन्मकथेत सापडते. नॅशव्हिलमध्ये दरवर्षी रेडिओ निवेदकांचे संमेलन भरत असे आणि आवडत्या गायकांची भेट व्हावी म्हणून रसिक तेथे इतकी गर्दी करू लागले की संमेलनाचे कामकाज चालवणे अवघड झाले. त्यावर तोडगा म्हणून 1972 मध्ये खास रसिकांसाठी ‘फॅन फेअर’ ही वेगळी जत्रा सुरू करण्यात आली आणि पहिल्या वर्षी म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये सुमारे 5,000 लोक आले. पुढे 1982 मध्ये ही जत्रा राज्याच्या फेअरग्राउंड्सवर गेली, 2001 मध्ये शहराच्या मध्यभागी आली आणि 2004 मध्ये तिचे नाव बदलले. पण गायक आणि रसिक यांनी समोरासमोर यावे, हा मूळ हेतू टिकून राहिला. 1996 मध्ये गार्थ ब्रूक्स हे त्या काळातील अत्यंत लोकप्रिय गायक कोणतीही पूर्वसूचना न देता तेथे आले आणि त्यांनी सलग 23 तास रसिकांना स्वाक्षऱ्या दिल्या. कलाकार येथे मानधन न घेता गातात आणि उत्पन्नाचा काही भाग शाळांतील संगीतशिक्षणाला दिला जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शहराच्या मध्यभागी दिवसभर अनेक मंचांवर गाणी चालू असतात आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी प्रवेश विनामूल्य असतो. स्टेडियममध्ये जो गायक मोठ्या पडद्यावरच नीट दिसतो, त्याच्यासारखाच उद्याचा एखादा गायक नदीकाठच्या मंचावर वीस पावलांवर उभा असतो. त्याच्या बोटांना लागलेली तार आणि कपाळावरचा घाम दोन्ही दिसतात. आपल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात हेच चित्र राहील. स्टेडियमचा कार्यक्रम मात्र मध्यरात्रीपर्यंत लांबतो, आणि तेथून झोपलेल्या चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन, गर्दीतून, कंबरलँड नदीवरील पादचारी पूल ओलांडून परतणे हे काम मी केलेले आहे. ते दुसऱ्या रात्री कोणालाही पुन्हा करावेसे वाटत नाही.

मुक्काम शक्यतो पायी जाता येईल अशा अंतरावर घ्यावा, मग खोली लहान असली तरी चालेल. सकाळी दोन तास गाणी ऐकावीत, दुपारी सर्वांनी खोलीवर विश्रांती घ्यावी आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर पडावे. जूनमध्ये तेथे पारा 30 अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे आहे आणि हवा दमट असते, त्यामुळे घाम वाळत नाही व थकवा लवकर येतो. आपण अटलांटाहून मोटारीने येणार असाल, तर नॅशव्हिलचे घड्याळ एक तास मागे आहे हे विसरू नये. आम्ही एका सकाळी त्या हिशेबात चुकलो आणि मंचासमोर बंद ध्वनिक्षेपकांकडे पाहत एक तास उन्हात बसून राहिलो.

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा आहे. एवढ्या मोठ्या आवाजाने त्याच्या कानांना इजा होईल का? कानात कापूस घातला तर पुरेल का?

उत्तर: कापूस पुरत नाही. कापसाने आवाज जेमतेम उतरतो आणि आपण मात्र काळजी घेतल्याच्या समाधानात राहतो. लहान मुलांसाठी कान पूर्ण झाकणारे, डोक्यावरून बसणारे संरक्षक मिळतात, ते घ्यावेत आणि निघण्यापूर्वी आठवडाभर घरी थोडा थोडा वेळ घालण्याची सवय लावावी. अन्यथा गर्दीत पोहोचताच मूल ते काढून फेकते.

या काळजीमागे निश्चित आकडे आहेत. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी ‘नायॉश’ ही सरकारी संस्था 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा सांगते, आणि आवाज दर 3 डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलच्या आवाजात केवळ 15 मिनिटे मिळतात. ही मर्यादा कामावरच्या प्रौढांसाठी आहे. लहान मुलाच्या बाबतीत आपण त्याहून कमीच धरावे. ध्वनिक्षेपकांच्या उंच खांबांजवळ मुलाला कधीही उभे करू नये, मागे आणि बाजूला बसावे. मोठ्यांनीही साधे कानबोळे (इअरप्लग) वापरावेत. गाण्याचे शब्द त्यातून ऐकू येतात, किंबहुना गोंगाट कमी झाल्याने अधिक स्पष्ट येतात.

प्रश्न: माझ्या वडिलांना इंग्रजी गाणी समजत नाहीत, परंतु या संगीतात ‘बँजो’ असतो असे ऐकून त्यांना कुतूहल वाटले आहे. गावच्या बेंजो पार्टीतील बेंजो तो हाच का? त्यांना तेथे नेले तर ते रमतील का?

उत्तर: या पत्राने मला विशेष आनंद झाला. नावाचे साम्य असले तरी ही दोन वाद्ये वेगळी आहेत. मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत आपण ऐकतो तो बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचा प्रकार. त्याला टंकयंत्रासारख्या पट्ट्या असतात आणि त्याचे मूळ एका जपानी वाद्यात आहे. अमेरिकेतील बँजोला डफासारखे ताणलेले कातडे आणि लांब मान असते, आणि तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या तंतुवाद्यांतून घडला. ज्यांचे घरदार हिरावले गेले त्यांच्या स्मरणातून हे वाद्य उभे राहिले, हे वडिलांना अवश्य सांगावे, कारण त्यानंतर त्याचा आवाज निराळाच ऐकू येतो. ज्याला तेथे ‘फिडल’ म्हणतात ते व्हायोलिन ब्रिटिश बेटांवरून आलेल्या वसाहतकऱ्यांबरोबर आले, मँडोलिन इटलीतून आले आणि स्टील गिटारची तऱ्हा हवाई बेटांवरून आली. अशा अनेक वाटांनी आलेले हे डोंगराळ भागातील संगीत 1927 मध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रित झाले, आणि त्याच मुद्रणांतून कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांचे आवाज देशभर पोहोचले.

आपल्या वडिलांचे लक्ष स्टील गिटारकडे वेधावे, अशी माझी सूचना आहे. त्यात तारेवरून धातूची पट्टी सरकवून एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता जातात, म्हणजे मराठी श्रोत्याच्या ओळखीची मींडच. हवाईची हीच गिटार भारतातही आली आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही. नदीकाठच्या उतारावर सतरंजी टाकून बसल्यावर पहिला अर्धा तास त्या डोक्यावरचा पदर सावरत आजूबाजूच्या टोप्या पाहत होत्या. मग एक तरुणी गाऊ लागली, मागे स्टील गिटारची ती लांब ओढलेली मींड आली, आणि सासूबाईंचा हात गुडघ्यावर हळूहळू ठेका धरू लागला. गाणे संपल्यावर त्यांनी मला विचारले, “ही कोणासाठी एवढी कळवळतेय गं?” ते गाणे विकल्या गेलेल्या शेताविषयी आणि तेथेच राहिलेल्या आईविषयी होते. मी अर्थ सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि पुढच्या प्रत्येक गाण्याला त्यांनी माझा हात दाबून अर्थ विचारला.

म्हणून एक गोष्ट अगत्याने करावी. ज्या गायकांना ऐकायचे ठरवले असेल त्यांच्या चार-पाच गाण्यांचा आशय निघण्यापूर्वी मराठीत दोन-दोन ओळींत लिहून काढावा आणि प्रवासात वडिलांना वाचून दाखवावा. कंट्री संगीतात चाल साधी असते आणि सगळा भार शब्दांवर असतो; त्यातील गोष्ट कळली नाही तर अर्धे गाणे हातातून निसटते. आईबाप, शेतीचे कर्ज, दूर जाणारी आगगाडी, दारूने मोडलेला संसार, देवावरची श्रद्धा, हे विषय समजण्यासाठी आपल्या वडिलांना कोणी अमेरिकन व्हायला सांगत नाही.

प्रश्न: 2017 मध्ये लास व्हेगास येथील कंट्री संगीताच्या महोत्सवात झालेला गोळीबार मी विसरू शकत नाही. शिवाय त्या गर्दीत आपल्यासारखे लोक थोडेच असतील. मुलांना घेऊन जाण्याची मला भीती वाटते.

उत्तर: आपली भीती अनाठायी नाही आणि ती बाजूला सारण्याचा सल्ला मी देणार नाही. 1 ऑक्टोबर 2017 च्या त्या रात्री लोक आपापल्या मुलांसह, मित्रांसह गाणी ऐकायलाच आले होते. माझ्या घरीही यावर बोलणे झाले, आणि जायचे असेल तर तयारीने जायचे, असे आम्ही ठरवले. मैदानात शिरताच सर्वांनी मिळून बाहेर पडण्याचे दोन मार्ग पाहून ठेवावेत, आणि आपण ज्या दाराने आलो ते त्यांपैकी एकच असते हे ध्यानात घ्यावे. पांगापांग झाल्यास भेटण्याची जागा मैदानाबाहेरची ठरवावी. गर्दीत फोन लागत नाहीत, परंतु लिखित संदेश अनेकदा पोहोचतात. लहान मुलाच्या मनगटावर पेनाने फोन क्रमांक लिहावा. स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीचा नियम असतो आणि नियमाबाहेरची पिशवी दारातून परत पाठवली जाते, म्हणून त्या वर्षीचे नियम निघण्यापूर्वी वाचावेत.

प्रत्यक्षात ज्या प्रसंगाला तोंड द्यावे लागण्याचा संभव अधिक असतो, तो म्हणजे जूनमधील वादळ. ढगांचा गडगडाट ऐकू आला की झाडाखाली किंवा मंडपात न थांबता पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून 30 मिनिटे तेथेच राहावे.

दुसऱ्या शंकेविषयी माझा अनुभव सांगते. आमच्यासारखे चेहरे थोडे होते हे खरे, आणि काही नजरा रेंगाळल्या हेही खरे. पण शेजारच्या आजींनी आमच्या मुलीला आपल्या छत्रीच्या सावलीत ओढून घेतले, त्या नजरांपेक्षा ते मला अधिक आठवते. हे संगीत एकाच वर्णाचे कधीच नव्हते. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या आरंभीच्या लोकप्रिय वादकांत हार्मोनिका वाजवणारे डीफोर्ड बेली हे कृष्णवर्णीय कलाकार होते, आणि चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाला 1971 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलाकाराचा सन्मान मिळाला. बेली यांना पुढे ऑप्रीतून काढण्यात आले आणि ‘हॉल ऑफ फेम’मध्ये, म्हणजे कंट्री संगीतातील थोरांच्या सन्मानयादीत, त्यांना स्थान मिळाले ते 2005 मध्ये, मृत्यूनंतर. तो अन्यायही मुलांना सांगावा.

प्रश्न: आमच्या गटात काहींना रात्री उशिरापर्यंत नॅशव्हिलच्या ब्रॉडवे या रस्त्यावरील बारमध्ये गाणी ऐकायची आहेत, तर माझ्या वडिलांना गुडघ्यांमुळे अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहता येत नाही. सगळ्यांना एकत्र कसे ठेवावे?

उत्तर: सतत एकत्र ठेवू नये. सकाळची न्याहारी आणि संध्याकाळचा एक कार्यक्रम एवढे सर्वांचे मिळून ठरवावे आणि उरलेला वेळ प्रत्येकाला मोकळा द्यावा. रुसवेफुगवे होतात ते बहुधा एकमेकांसाठी खोळंबल्यामुळे. सामाईक खर्च कोणता आणि स्वतःचा कोणता, हेही निघण्यापूर्वी बोलून घ्यावे. ब्रॉडवेवरील अनेक ठिकाणी संध्याकाळनंतर 21 वर्षांखालील मुलांना प्रवेश मिळत नाही आणि मोठ्यांनाही वयाचा पुरावा दाखवावा लागतो. तेथे आत जायला बहुधा तिकीट नसते. वादक मुख्यतः श्रोत्यांच्या बक्षिसीवर जगतात, म्हणून मंचाजवळच्या बादलीत टाकण्यासाठी सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

वडिलांसाठी माझी शिफारस ऑप्रीचीच राहील. 28 नोव्हेंबर 1925 रोजी डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर सुरू झालेला हा कार्यक्रम आजही चालू आहे. सभागृह बंदिस्त व थंड आहे, बसायला आसने आहेत, आणि एकाच संध्याकाळी जुने-नवे अनेक कलाकार दोन-तीन गाणी गाऊन जातात, त्यामुळे कंटाळा येत नाही. चाकाच्या खुर्चीसाठीची जागा तिकीट घेतानाच मागून घ्यावी. 1943 ते 1974 हा कार्यक्रम शहरातील रायमन ऑडिटोरियममध्ये होत असे; नव्या जागी जाताना तेथील मंचाच्या लाकडाचे एक वर्तुळ कापून नव्या मंचाच्या मध्यभागी बसवण्यात आले आणि गायक आजही त्यावर उभे राहून गातात. दिवसा मंचामागील भाग दाखवणारी सहल असते आणि तीत पाहुण्यांनाही त्या वर्तुळात उभे राहता येते. वडिलांना खुर्चीवरून तेथपर्यंत कोणत्या वाटेने नेता येईल, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवावे.