गाडीचा दवाखाना : जुन्या जीपला नवं इंजिन?

प्रश्न : माझ्याकडे घरची महिंद्रा एमएम ५४० आहे, चार गिअरवाली, इंजिन तेच जुनं प्यूजो डिझेल. द्राक्षबागेत ठीक चालते पण सापुताऱ्याच्या घाटात दम सोडते, काळा धूर काढते आणि हायवेला ६०-६५ च्या वर नेली की नुसता आवाज. स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन भंगारात मिळतंय, बसवू का? मेकॅनिक म्हणतो होऊन जाईल.
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : दादा, होऊन जाईल हे खरंय, पण कितीत आणि मग पुढे काय ते मेकॅनिक सांगत नाही. तुमचं इंजिन २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवरच्या आसपास, एमहॉक २१७९ सीसी आणि १२० हॉर्सपॉवर. टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तर दुपटीहून जास्त, तो सगळा जुन्या गिअरबॉक्सवर, क्रॉसवर (शाफ्टच्या सांध्यावर) आणि अॅक्सलवर येणार, आणि थांबवायला चारही चाकांना ड्रमच. शिवाय एमहॉक कॉमनरेल आहे, डिझेलची फवारणी कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे नुसतं इंजिन आणून भागत नाही, ईसीयू (तो कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सेन्सर, अॅक्सिलरेटर पेडल, इंटरकूलर, सगळं त्याच गाडीचं लागतं, ईसीयू इमोबिलायझरला (मूळ किल्लीशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या चोरीविरोधी लॉकला) बांधलेला असतो तो वेगळा ताप. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत लेथवर कोणीही बनवून देईल हो, पण ती केसभर जरी सेंटरबाहेर गेली तरी क्लच आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग खाते. इंजिनखालचं ऑइल चेंबर पुढच्या अॅक्सलला लागतंय का तेही बघावं लागतं.

आणि मुळात काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर, डिझेलचे नोझल आणि पंप कॅलिब्रेशन करून घ्या, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासा. कॉम्प्रेशन गेलं असेल तर सिलिंडरचं बोरिंग करून इंजिन बांधून घ्या, घाटात फरक दिसेल. हायवेचा आवाज मात्र इंजिनचा दोष नाही, चार गिअर आणि शेतात ओढायला दिलेला अॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरतो ते), त्यामुळे एमहॉक टाकूनही रेशो तोच ठेवला तर ६५ ला आरपीएम तेवढेच राहणार! त्यापेक्षा पाच गिअरचा बॉक्स शोधा, माझं मत विचाराल तर पैसे तिथेच घाला.

कागदांचं आधी बघा, नंतर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर पेठ रोडच्या आरटीओत आधी परवानगी घ्या, मग इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. भंगारवाल्याकडून पक्कं बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची कॉपी घेतल्याशिवाय इंजिन उचलू नका, चोरीचं निघालं तर पोलीस तुमच्याच दारात.

प्रश्न : डिझेल इंजिन टाकलेली जिप्सी किंग स्वस्तात मिळतेय, घेऊ का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आरसी बघा. मारुतीने जिप्सी डिझेलमध्ये कधी विकलीच नाही, किंगला १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर आरटीओच्या फिटनेस तपासणीला अडकेल, अपघात झाला तर विमावाले हात वर करतील. स्वस्त का मिळतेय ते त्यातच आलं.