१९६७चं हाँगकाँग: चीन घुसेल याची ब्रिटिशांना भीती नव्हती का?

शहरात चीनधार्जिण्या डाव्यांच्या दंगली, सीमेवर पोलीस मारले गेलेले, तरी ब्रिटिशांनी गाशा का गुंडाळला नाही, असा तुमचा प्रश्न आहे. भीती होतीच. शेजारच्या पोर्तुगीज वसाहतीचं, मकावचं उदाहरण ताजं होतं. डिसेंबर १९६६ मध्ये तिथे दंगल पेटली आणि जानेवारी संपता संपता पोर्तुगीज गव्हर्नरने माफीनाम्यावर सही केली. (जेमतेम पाच वर्षांपूर्वी गोवा हातचा गेलेला, पोर्तुगीजांचं अवसान तिथेच गळालं असावं, असं मला वाटतं.) त्यामुळे मे महिन्यात हाँगकाँगमधल्या सान पो काँगच्या प्लास्टिक फुलांच्या कारखान्यातला तंटा चिघळला, तेव्हा गव्हर्नर डेव्हिड ट्रेंच यांनी नमतं घ्यायचं नाही असं ठरवलं.

८ जुलैला शा ताउ कोकला ठिणगी पडली. तिथे सीमा गावातल्या एका रस्त्यातूनच जाते. पलीकडून मशीनगन चालल्या, ५ पोलीस ठार झाले, त्यांत दोघे पाकिस्तानी. गुरखा पलटण आली आणि सीमेचा ताबा पोलिसांकडून लष्कराकडे गेला.

खरं तर चीनने मनावर घेतलं असतं तर हाँगकाँग राखता येणार नाही, हे लंडनला पुरतं ठाऊक होतं. म्हणून सैन्याच्या हिशोबापेक्षा बीजिंगच्या मनात काय आहे, हे ओळखण्याला महत्त्व आलं. हाँगकाँग म्हणजे चीनला परकीय चलन मिळवून देणारं दार. ते कोण बंद करेल? संप-बहिष्कारात चीनकडून येणाऱ्या भाजी-मांसाचा पुरवठा विस्कळीत झाला, पण कायमचा तुटला नाही. पाण्याची गंमत बघा: त्या उन्हाळ्यात दुष्काळामुळे नळाला चार दिवसांतून चार तास पाणी, जादा पाण्याच्या विनंतीला चीनकडून उत्तर नाही, आणि १ ऑक्टोबरला मात्र कराराचं पाणी ठरल्याप्रमाणे सुरू!

ऑगस्टमध्ये बीजिंगमधली ब्रिटिश कचेरी जाळली गेली, तरी चीन हाँगकाँगमध्ये घुसणार नाही, हा अंदाज टिकला. इकडे डाव्यांनी रस्त्यांवर बाँब ठेवायला सुरुवात केली आणि रेडिओवर त्यांची टर उडवणाऱ्या लाम बुन यांना जाळून मारलं. तिथे सामान्य माणूस त्यांच्यापासून तुटला. एकूण ५१ माणसं गेली.

सरकारची बाजूही स्वच्छ नव्हती. खटल्याविना स्थानबद्धता सर्रास वापरली गेली, आणि सगळं खापर कम्युनिस्टांवर फोडणं सोयीचं होतं. कारखान्यांतली पिळवणूक खरी होती. म्हणून तर १९६८ मध्ये रोजगार कायदा करावा लागला.