पहिल्यांदाच सिंफनी ऐकताय? मग एवढंच करा

सिंफनी म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठीची मोठी, अनेक भागांची रचना. सुरुवात चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीने करा. १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजली. चार भाग, साधारण ४०-४५ मिनिटं.

मोबाइल बाजूला ठेवून सलग ऐका. तुकड्यातुकड्यांनी ऐकणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पहिल्या भागात हॉर्नवर (पितळी फुंकवाद्य) येणारी सुरावट पुढच्या तिन्ही भागांत पुन्हा डोकावते, तुकड्यांनी ऐकलं की ती निसटते. दुसऱ्या भागातली इंग्लिश हॉर्नची (हे सनईसारखं लाकडी फुंकवाद्य) संथ धून सहज गुणगुणता येते. तीच खुणेला धरा.

आणखी दोन गोष्टी:

- हळू आवाजाच्या जागांसाठी व्हॉल्यूम वाढवू नका. सुरुवातीलाच टिंपनी (मोठे नगारे) अशी काही गडगडते की दचकाल (मी चहा सांडलाय).
- राग शोधत बसू नका. इथे एकाच वेळी अनेक सुरावटी चालतात. पहिल्या खेपेला एकीच्याच मागे गेलात तरी चालेल.

सोनाटा फॉर्म (रचनेचा एक ठरावीक साचा) वगैरे आत्ता नको. ऐकून झाल्यावर चर्चेत नुसतं 'छान वाटलं' म्हणालात तर पुढे कोणी काय बोलणार? 'अमुक मिनिटाला अंगावर काटा आला' असं सांगा, गप्पा आपोआप रंगतात.

अख्ख्या सिंफनीत झांज एकदाच वाजते, शेवटच्या भागात. सापडली का, कळवा!