वाचकांचे प्रश्न : जखमी जवानाची सेवा आणि घरच्यांचे हक्क

या महिन्याच्या टपालात, अपंगत्व येऊन सैन्यातून परतलेल्या जवानांच्या घरून आलेली चार पत्रे होती. चारही पत्रे जवानाने नव्हे, तर त्याची सेवा करणाऱ्या माणसाने लिहिलेली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर गाळून ती येथे थोडक्यात दिली आहेत. उत्तरांपूर्वी एकच सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे लाभ जवानाच्या नावाने मंजूर होतात आणि त्याच्याच नावाने थांबतात. सेवा करणाऱ्याचे नाव त्या कागदांवर आपोआप येत नाही, ते वेळीच आणावे लागते.

प्रश्न : माझे यजमान सैन्यात नाईक होते. डोंगराळ भागात कर्तव्यावर असताना त्यांची गाडी दरीत कोसळली, मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. वैद्यकीय मंडळाने शंभर टक्के अपंगत्व ठरवून त्यांना बोर्ड आउट केले, म्हणजे वैद्यकीय कारणावरून सेवेतून मुक्त केले. दर दोन तासांनी कूस बदलणे, कॅथेटर सांभाळणे, पाठीला जखम तर होत नाही ना हे पाहणे, हे सारे मी एकटी करते. त्यापायी नोकरी सोडली. अमेरिकेत अशा पत्नीला सरकार दरमहा पैसे देते असे वाचनात आले. आपल्याकडे तशी सोय आहे का? – एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, आपण वाचले ते खरे आहे. अमेरिकेत २०१० साली झालेल्या कायद्याने, जखमी माजी सैनिकाची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबीयाला त्याच्या स्वतःच्या नावाने मासिक मानधन, सेवेचे प्रशिक्षण, समुपदेशन, दुसरा आरोग्यविमा नसेल तर आरोग्यसंरक्षण आणि वर्षातून किमान तीस दिवस विसावा मिळावा म्हणून पर्यायी मदतनीस, अशी तरतूद केली. सुरुवातीला ती ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांपुरती होती आणि ऑक्टोबर २०२२ पासून सर्व काळातील माजी सैनिकांसाठी खुली झाली. तेथेही अटी आहेतच. सेवेशी निगडित अपंगत्व किमान सत्तर टक्के असावे लागते आणि किमान सहा महिने व्यक्तिगत काळजीची गरज दाखवावी लागते. तरीही तेथे पत्नीच्या श्रमाला स्वतंत्र किंमत आहे, आणि आपल्या व्यवस्थेत नेमकी तीच उणीव आहे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सतत मदतनीस लागणाऱ्या जवानाला अपंगत्व निवृत्तिवेतनासोबत मिळणारा कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. अपंगत्व शंभर टक्के असेल, ते सेवेमुळे आलेले म्हणून मान्य झालेले असेल आणि मदतनिसाची गरज आहे असे वैद्यकीय मंडळाने नमूद केले असेल, तर हा भत्ता मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ६,७५० रुपये झाला. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की तो पंचवीस टक्क्यांनी वाढावा, असा नियम आहे. महागाई भत्ता १ जानेवारी २०२४ रोजी पन्नास टक्क्यांवर पोहोचला, म्हणजे या हिशेबाने त्या तारखेपासून ही रक्कम सुमारे ८,४३८ रुपये होते. ठाण्यात नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांच्या पाळीचा माणूस ठेवायचा म्हटले तर या पैशांत अर्धा महिनाही निघत नाही, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. जवान शासकीय रुग्णालयात दाखल असेल त्या काळात हा भत्ता मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आपण पत्रासोबत पीपीओची, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाची, जी प्रत पाठवली आहे, तिच्यात सर्व्हिस एलिमेंट (सेवेचा हिस्सा) आणि डिसेबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा हिस्सा) या दोन ओळी आहेत, परंतु या भत्त्याची ओळच नाही. अपंगत्व शंभर टक्के आहे म्हणून भत्ता ओघानेच लागू झाला असेल, असा समज बहुतेक घरांत असतो, आणि तो चुकीचा आहे. सर्वप्रथम यजमानांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे जवानांच्या सेवेची कागदपत्रे ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाकडून, वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागवावी. मदतनिसाची गरज आहे काय, आणि असल्यास किती काळ, याविषयी मंडळाने काय लिहिले आहे ते त्यात पाहावे. ‘गरज आहे’ असे लिहिलेले असूनही ओळ राहून गेली असेल, तर पीपीओच्या दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसमार्फतच अर्ज करावा. निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून येते. मंडळाने ‘गरज नाही’ म्हटले असेल किंवा रकाना कोरा सोडला असेल, तर पुनर्तपासणी मंडळाची मागणी करावी आणि सध्या उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय अर्जासोबत जोडावा. नकार लेखी मिळाला तर त्यावर अपील आहे, आणि त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, ज्याचे खंडपीठ मुंबईतच बसते. मात्र हे लांबवू नये. निवृत्तिवेतनाच्या थकबाकीची मागणी उशिराने केली, तर ती साधारणपणे दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मान्य होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील तरसेम सिंग प्रकरणात म्हटले आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये काळजीवाहकाची व्याख्या आहे, आणि मोबदला न घेता काळजी घेणारा कुटुंबीयही तिच्यात येतो. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही कलम २४ मध्ये आहे. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देते. परंतु हे कलम सरकारांना आपापल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना आखायला सांगते. त्याच्या भरवशावर आपण घराचा हिशेब मांडावा असे मी म्हणणार नाही.

आता एक अवघड विषय, जो आपण पत्रात काढलेला नाही. पण आपण नोकरी सोडलेली असल्याने तो टाळता येत नाही. यजमानांच्या पश्चात हा भत्ता आणि अपंगत्वाचा हिस्सा दोन्ही थांबतात आणि पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा सामान्य दर शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के आहे. आरंभीच्या काही वर्षांसाठी तो वाढीव असू शकतो. मृत्यू मान्य झालेल्या अपंगत्वामुळेच झाला असे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवले, तर साठ टक्के दराचे विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. तीस आणि साठ यांतला हा फरक पुष्कळदा कागदांवर ठरतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या रुग्णाला मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडाचे विकार आणि चिघळलेल्या जखमा हे नेहमीचे धोके असतात, आणि त्यांचे मूळ मणक्याच्या इजेत असते. म्हणून प्रत्येक वेळी रुग्णालयातून घरी सोडतानाच्या सारांशपत्रात मूळ इजेचा उल्लेख करून घ्यावा आणि ती पत्रे तारखेच्या क्रमाने एका फायलीत ठेवावीत. त्याच फायलीत आपले नाव व जन्मतारीख पीपीओ, आधार आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्ययोजना) कार्ड या तिन्हींवर अक्षरशः सारखी आहेत ना, हेही पाहून ठेवावे. माहेरचे नाव एका ठिकाणी आणि सासरचे दुसऱ्या ठिकाणी, एवढ्यावरून अडलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझे वडील सुभेदार होते. स्फोटात डोक्याला इजा झाल्याने त्यांना सैन्यातून लवकर यावे लागले. अलीकडे त्यांचा हात इतका कापतो की सही जुळत नाही, आणि काही दिवस त्यांना माणसेही ओळखू येत नाहीत. बँक आईला पैसे काढू देत नाही. ठाण्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तर आमचे काम तेथे होणार नाही असे कळले. – एक वाचक, खारघर

उत्तर : शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. नवी मुंबई बोलण्यात एक असली, तरी ती दोन जिल्ह्यांत विभागलेली आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. त्यामुळे आपले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला आहे. अंथरुणावरच्या माणसाच्या घरातून एक जण दिवसभरासाठी अलिबागला जाणे म्हणजे काय, हे उघड आहे. म्हणून आधी दूरध्वनीवरून कागदांची यादी विचारून घ्यावी आणि सारी कामे एकाच फेरीत उरकावीत.

बँकेचा प्रश्न दोन भागांत पाहावा लागतो. वडिलांना व्यवहार समजतो आणि केवळ सही जमत नाही, असे असेल तर बँकेला अडवण्याचे कारण नाही. आजारी आणि अपंग निवृत्तिवेतनधारकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, आणि खातेदार येऊ शकत नसेल तर अधिकाऱ्याने त्याच्याकडे जाणे अपेक्षित आहे. शाखा व्यवस्थापकाला या सूचनांचा हवाला देऊन लेखी विनंती करावी. तोंडी बोलण्याला तोंडीच नकार मिळतो. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओवर आईचे नाव असेल, तर निवृत्तिवेतनाचे खाते पतिपत्नींचे संयुक्त करता येते, आणि ते वडील शुद्धीत व समजूतदार असलेल्या दिवशीच करून घ्यावे.

दुसरा भाग अधिक गंभीर आहे. व्यवहारच समजेनासा झाला, तर अंगठा घेणे योग्यही नाही आणि सुरक्षितही नाही. अशा वेळी पालकत्वाचा आदेश लागतो. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. आणि रुग्ण कोमात असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने रिट याचिकेवर पत्नीला पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. वकिलाचा खर्च ऐकून घाबरू नये, आईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मागता येते. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हयातीचा दाखला मात्र घरबसल्या जीवन प्रमाणच्या चेहरा ओळखणाऱ्या ॲपवरून देता येतो. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते, तेव्हा वडिलांचा चांगला प्रहर पाहून ते करावे.

प्रश्न : मी केंद्र सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. वडिलांचा पाय सेवेत असताना मांडीपासून गेला. आई नाही, त्यांचे सारे मीच पाहते. आता माझी बदली परराज्यात होणार असे दिसते. – एक वाचक, ऐरोली

उत्तर : कार्मिक विभागाच्या ८ ऑक्टोबर २०१८ च्या ज्ञापनानुसार, दिव्यांग आईवडील, पतिपत्नी, अपत्य किंवा भावंड यांचा मुख्य काळजीवाहक असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. प्रशासकीय अडचण नसेल तर, ही पुस्ती त्यात आहेच. अडचण बहुधा वेगळ्याच ठिकाणी येते. सैन्याच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल येथे पुरत नाही. २०१६ च्या अधिनियमाखालचे, किमान चाळीस टक्क्यांचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते. ते वडिलांकडे नसेल, तर स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून शासकीय रुग्णालयातील तपासणीची तारीख आजच घ्यावी. बदलीचा आदेश हाती पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा, कार्यालयाला आपण मुख्य काळजीवाहक असल्याचे आधीच लेखी कळवून ठेवलेले केव्हाही बरे.

प्रश्न : माझा मुलगा अविवाहित आहे. मानेच्या मणक्याला मार लागल्यापासून त्याचे हातपाय चालत नाहीत. मी सत्तरीच्या पुढे आहे, त्याला उचलणे आता माझ्याने होत नाही. माझ्यानंतर त्याचे कोण? – एक आई, नेरूळ

उत्तर : आई, अशाच जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालू आहे. ज्यांचे पाय किंवा हातपाय दोन्ही निकामी झाले आहेत असे माजी सैनिक तेथे राहतात. काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, काही चाकाच्या खुर्चीवरून खेळतात. ‘मुलाला कुठेतरी टाकले’ असे लोक म्हणतील, ही भीती आपल्या पत्रात दोनदा आली आहे. माझे स्पष्ट मत असे की आपण धडधाकट असताना, आपल्या सोबतीने त्याने ती जागा पाहावी आणि जायचे की नाही हे त्याने स्वतः ठरवावे. आपल्या पश्चात नातेवाइकांनी घाईने ठरवण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. प्रवेशाची चौकशी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून किंवा थेट केंद्राकडे पत्र लिहून करता येईल.

तोवर दोन गोष्टी तपासाव्यात. आपले मासिक उत्पन्न ९,००० रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता यांच्या आत असेल, तर मुलाच्या ईसीएचएसमध्ये अवलंबित म्हणून आपले नाव घालता येते. त्याला उचलून उचलून आपली कंबर दुखते असे आपण लिहिले आहे; तिचे उपचारही मग तेथूनच होतील. दुसरे असे की वरच्या पहिल्या उत्तरातला मदतनिसाचा भत्ता आपल्या मुलालाही लागू होण्यासारखा आहे, आणि आपण कळवलेल्या निवृत्तिवेतनाच्या तपशिलात तो दिसत नाही. त्याच्या वैद्यकीय मंडळाच्या कागदांची प्रत आमच्या पत्त्यावर पाठवावी. रेकॉर्ड ऑफिसला लिहायच्या अर्जाचा मसुदा तयार करून आपल्याला टपालाने पाठवतो.