लंडनमधली रिचर्ड बर्टनची (तो इंग्रज प्रवासी आणि लेखक) तंबूच्या आकाराची कबर पाहायला अर्धा दिवस घालवावा का?

घालवा. फक्त मागची शिडी चढल्याशिवाय परत येऊ नका भाऊ, नाहीतर खरंच वाया गेला समजा.

मी नागपूरचा, पोरगी तिकडे शिकते म्हणून मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो (इकडे ४५ डिग्री आणि तिकडचे लोक २५ डिग्रीत गर्मी गर्मी करून राहिले होते). पोरीला वाटलं बाबाला लंडन ब्रिज दाखवू, आणि मी म्हणतो मला एका कबरीवर ने.

बर्टन आपल्याकडे माहीत असलाच तर कामसूत्राच्या इंग्रजी भाषांतरामुळे, पण ते मुळात भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांच्या मेहनतीवर उभं आहे, ते एक असो. माणूस मात्र जबरदस्त. १८४२ ला कंपनीच्या पलटणीत मुंबईला आला, बडोद्याला राहिला, सिंधमध्ये राहिला, भाषा तर अशा शिकला की आपल्या मराठीचीही परीक्षा पास झाला. १८५३ मध्ये पठाण बनून मक्केला जाऊन आला, पकडला गेला असता तर जीव गेला असता, आणि १८५८ ला आफ्रिकेत टांगानिका सरोवरापर्यंत पोचला. १८९० मध्ये ट्रिएस्टला (आता इटलीत आहे) वारला, तेव्हा बायकोने, म्हणजे इझाबेलने, त्याला इंग्लंडला आणून मॉर्टलेकच्या कॅथलिक चर्चच्या आवारात पुरलं.

तर ती कबर म्हणजे अरबी तंबू, पण दगडाचा. उंची साधारण १८ फूट. कापडाच्या चुण्या अशा कोरल्यात की लांबून वाटतं वारा आला तर हलेल. वर चांद-तारे आणि दारावर क्रूस. आता बर्टन काही क्रूसवाला भाविक माणूस नव्हता, कट्टर कॅथलिक ती होती, त्यामुळे ते बघून मला आधी हसूच आलं. तो गेल्यावर त्याचं एक अख्खं हस्तलिखित तिने जाळून टाकलं होतं, त्याबद्दल लोक तिला आजही शिव्या घालतात, मीही त्यातलाच. पण तंबूत शेजारी शेजारी झोपायची इच्छा त्याचीच होती म्हणतात, आणि ती तिने पैसे जमवून पूर्ण केली, १८९६ मध्ये स्वतःही तिथेच जाऊन झोपली.

तंबूच्या मागे एक छोटी लोखंडी शिडी आहे. चार-सहा पायऱ्या चढलं की छताला काच लावलेली खिडकी. आत दोन शवपेट्या, त्याची एका बाजूला, तिची दुसऱ्या, मध्ये वेदी, दिवे, आणि उंटाच्या गळ्यातल्या घंटा लटकलेल्या. दार उघडलं की त्या वाजायच्या म्हणे, आता दारच बंद केलंय. पोरगी पटकन खाली उतरली, म्हणे बाबा, कोणाच्या बेडरूममध्ये डोकावल्यासारखं वाटून राहिलं. मी पाच मिनिटं तिथेच. आपल्या नागपूरच्या सीताबर्डीच्या किल्ल्यातल्या १८१७ च्या लढाईच्या कबरी बघायच्या तर किल्ला लोकांना उघडण्याची, म्हणजे २६ जानेवारी, १ मे नाहीतर १५ ऑगस्टची वाट बघा, आणि इथे काय, शिडी चढा आणि थेट आत बघा, तिकीट नाही की काही नाही.

जायचं कसं तर वॉटर्लूहून मॉर्टलेकची लोकल पकडा, अर्धा तासही लागत नाही. चर्चचं नाव नीट लक्षात ठेवा, सेंट मेरी मॅग्डलेन, रेल्वे रुळाला लागूनच आहे. आम्ही आधी हाय स्ट्रीटवरच्या सेंट मेरी द व्हर्जिनमध्ये घुसलो आणि वीस मिनिटं थडगी वाचत फिरलो, तंबू काही दिसेना. काचेवर उजेड चमकतो, तेव्हा दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून बघा, मोबाईलचा फ्लॅश मारला तर नुसता स्वतःचाच चेहरा दिसतो.